पाळकीणबाईंच्या पाच दबोरा

चिठ्ठीत दबोरा निघाली आणि पाळकीणबाईंना हसू दाबणं कठीण गेलं.

दुसरं कुणी निघालं असतं तर त्यांना घाम फुटला असता. पण दबोरा! जिला त्यांनी पाच वेळा उभं केलं, पाच वेळा झोपवलं, जिचं हाड न् हाड त्यांना पाठ होतं, ती आज आपल्या पायांनी चालत परीक्षेला आली होती. पाळकीणबाईंनी पदर सारखा केला, चेहरा गंभीर केला आणि म्हणाल्या, "प्रभूची इच्छा."

"इच्छा कसली, वहिनी," मास्तर म्हणाले. "चिठ्ठी मी उचलली."

रीत अशी होती. मंडळीला नवा पाळक नेमायचा झाला, म्हणजे व्यासपीठावरून उपदेश करायला, लग्नं लावायला, गेलेल्यांना मूठमाती द्यायला माणूस हवा झाला, की उमेदवाराला आधी प्रार्थनाघराच्या मागच्या खोलीत तीन पंचांसमोर बसवायचं. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या एका उताऱ्याची चिठ्ठी काढायची. उमेदवारानं त्यावर तिथल्या तिथे बोलायचं आणि पंचांपैकी एकानं विरोधक व्हायचं. विरोधकाचं काम एकच. उमेदवार जे म्हणेल ते खोडायचं. मनातून पटलं तरी खोडायचं. मत सगळ्यात शेवटी, तोंडी, आणि ते विरोधकालाही मोकळं. या रीतीनं आजवर बरेच जण रडवले होते. एकाला तर खोलीतच वांती झाली होती.

बाईमाणूस त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसलं होतं.

समोर मधोमध वखारवाले. लाकडाची वखार त्यांची, पंचांचे प्रमुखही तेच, आणि बोलताना समोरचा माणूस ओला आहे की सुका हे बघितल्यासारखे बघायचे. डावीकडे मास्तर, शाळेतून निवृत्त, कानात ऐकायचं यंत्र; कंटाळा आला की ते बंद करायचे. उजवीकडे डॉक्टरबाई. दातांच्या डॉक्टर. मंडळीतल्या निम्म्या जबड्यांत त्यांचा हात जाऊन आला होता, त्यामुळे त्यांच्यासमोर माणसं उगाचच तोंड मिटून बसत. आजच्या विरोधक त्याच.

हिशेब सगळ्यांना ठाऊक होता. वखारवाले बाईला नेमायचे नाहीत, जीव गेला तरी. मास्तर नेमतील, कारण त्यांना काहीतरी घडलेलं हवं होतं. राहिल्या डॉक्टरबाई.

पलीकडे, आवारातल्याच घरात, पाळकीणबाईंचे यजमान, आजवरचे पाळक, खाटेवर पडून होते. त्यांचा आवाज म्हणजे दगडाला पाझर फोडणारा. मागच्या हिवाळ्यात ऐन प्रार्थनेत तोंड वाकडं झालं, उजवी बाजू गेली, आणि आवाज गेला तो गेलाच. आता मान तेवढी हलायची. हो आणि नाही.

आणि जे मंडळीत कुणालाच ठाऊक नव्हतं ते असं, की त्या आवाजातून इतकी वर्षं जे बाहेर पडत होतं, ते पाळकीणबाईंचं होतं. एकूण एक. शनिवारी त्या पाळकांच्या सदऱ्याला इस्त्री करत आणि करता करता उपदेश सांगत. पाळक खोलीत येरझाऱ्या घालत आणि ऐकलेलं घोटत. कागद नाही, पेन नाही. पाळकांचा कान पोपटाचा होता. "तू सांगशील तर मी उभा राहतो," ते म्हणायचे, "नाहीतर माझे पाय लटपटतात गं." हात कुठे वर न्यायचा, कुठे थांबायचं, कुठे आवाज फाटू द्यायचा, हेसुद्धा इस्त्रीच्या टेबलावरूनच सांगितलं जायचं.

तर आता पाळकीणबाईंना ते व्यासपीठ हवं होतं. स्वतःच्या तोंडानं, स्वतःच्या नावानं. बाकी सगळ्याला त्या पुरून उरल्या होत्या, एवढं एक राहिलं होतं.

"सुरू करा," वखारवाले म्हणाले.

*

"एक बाई होती," पाळकीणबाईंनी सुरुवात केली. "खजुरीच्या झाडाखाली बसायची. लोक भांडणं घेऊन यायचे, ती निवाडा करायची. तिला कुणी नेमलं, हे शास्त्र सांगत नाही. लोक यायचे, एवढंच सांगतं. एक दिवस तिनं बाराक नावाच्या सरदाराला बोलावलं. म्हणाली, शत्रूकडे लोखंडी रथ असतील, असू देत, तू माणसं गोळा कर आणि चढ. बाराक म्हणाला, तू येत असशील तर जातो, नाहीतर नाही. ती म्हणाली, येते, चल. पण मग नाव तुझं व्हायचं नाही."

त्या थांबल्या. उजवा हात छातीपर्यंत आणला, तळवा उघडला.

"अगदी पाळकांसारखं हो," मास्तर कळवळून म्हणाले. "तो हात! किती वर्षं बघितलाय तो हात."

पाळकीणबाईंनी हात खाली घेतला.

पुढचं त्या हातांशिवाय बोलल्या. दबोरा कुणाची बदली म्हणून बसली नव्हती. पुरुष मिळेना म्हणून देवानं तिच्यावर भागवलं, असं शास्त्रात एका अक्षरानं नाही. लढाई झाली, देश शांत झाला, आणि गाणं रचलं गेलं त्यात तिचं नाव बाराकाच्या आधी आलं. हे सगळं उघड्यावर लिहिलेलं आहे. झाकलं ते नंतरच्यांनी.

चांगलं बोलल्या. वखारवाल्यांनीसुद्धा पाय हलवायचा थांबवला होता.

मग डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "विरोधक म्हणून बोलते, बरं का पाळकीणबाई. मनावर घेऊ नका."

"छे छे. बोला की."

"आपल्याच पाळकांनी, आपल्याच व्यासपीठावरून सांगितलंय. दबोरा हा अपवाद. देव एकदा गाढवाच्या तोंडून बोलला, म्हणून काही आपण गाढवाला पाळक नेमत नाही."

मास्तर खो खो हसले. "आठवतंय! काय हशा पिकला होता तेव्हा प्रार्थनाघरात!"

*

तिसरी दबोरा: अपवाद.

त्या उपदेशातली ही दबोरा पाळकीणबाईंनी एका मुलीसाठी बेतली होती. मुलगी धर्मशिक्षण घेऊन, पदवी मिळवून आली होती आणि वर्षातून एखादा रविवार मला बोलू द्या म्हणत होती. वखारवाले पाळकांना म्हणाले, काहीतरी करा. पाळक घरी येऊन म्हणाले, अगं, काहीतरी कर.

पाळकीणबाईंनी जुने पंडित धुंडाळले. त्यात त्यांना हवं ते सापडलं. काहीशे वर्षांपूर्वीच्या विलायतेतल्या धर्मसुधारक मंडळींची दबोरेपायी फार पंचाईत झाली होती. राज्यावर राणी बसलेली. बाई राज्य करू शकत नाही म्हणावं तर मानेवर कुऱ्हाड, करू शकते म्हणावं तर घरची सून ऐकायची नाही. मग त्यांनी तोड काढली. दबोरा चमत्कार आहे म्हणाले. चमत्कार नियम नसतो. समुद्र एकदा दुभंगला म्हणून रोज काही कुणी चालत पलीकडे जात नाही.

समुद्राच्या जागी गाढव घातलं ते पाळकीणबाईंनी. कॉलरची टोकं दाबताना सुचलं होतं.

ती मुलगी तिसऱ्या रांगेत बसली होती. सगळे हसले तशी तीही हसली, सवयीनं. मग तिच्या लक्षात आलं. पुढे बरेच दिवस पोरं तिच्यामागे गाढवासारखी ओरडायची. आता ती कुठेतरी विमे विकते म्हणतात.

*

"ते पंडित राणीला घाबरत होते," पाळकीणबाई म्हणाल्या. "राणीला दुखवायचं नव्हतं आणि बाईला मानायचंही नव्हतं, म्हणून काढलेली ती पळवाट. शास्त्रात देव 'एवढ्यापुरतंच' असं कुठे म्हणतो? दाखवा."

"म्हणजे पाळक चुकले?"

पाळकीणबाईंनी पदर पुन्हा सारखा केला.

"विचारते आपलं. पाळक पळवाट काढत होते?"

"पाळकांचं तेव्हाचं... त्या वेळेला तशी गरज असेल."

"कुणाची?"

वखारवाले खाकरले. "डॉक्टर, उताऱ्यावर राहा."

"उताऱ्यावरच आहे. बरं, अपवाद सोडू. पाळक असंही म्हणाले होते, की दबोरा मुळात देवघरातल्या दिव्यांच्या वाती वळणारी. मोठं काम तिला मिळालं ते छोटं काम मान खाली घालून केलं म्हणून."

*

पहिली दबोरा: वातीवाली.

झाडूवाला भांडून निघून गेला होता आणि नवा ठेवायची पंचांची तयारी नव्हती. महिला मंडळ तेव्हा नुकतंच पंचांच्या बैठकीत बसू द्या म्हणायला लागलं होतं. एका दगडात दोन्ही पाखरं पाडायची होती. पाळकीणबाई नव्या नवरी होत्या, हौस दांडगी. जुन्या यहुदी ज्ञानी लोकांच्या टिपांमधून त्यांनी वाती वेचून काढल्या, वर तेल ओतलं, आणि रविवारी पाळकांच्या आवाजात अशी काही दबोरा उभी राहिली, की बायका रडल्या. सोमवारपासून फडकी घेऊन आल्या. झाडूवाला पुन्हा कधी ठेवावाच लागला नाही. मंडळातल्या एकीचे गुडघे त्या फरशीनं घेतले. बैठकीत बसायचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. बसताच येत नव्हतं म्हणा हवं तर.

दुसरी दबोरा: विधवा.

ही तर फारच सोपी होती. एका प्राचीन धर्मगुरूनं लिहून ठेवलं होतं, की दबोरा विधवा होती आणि बाराक तिचा मुलगा. शास्त्रात यातलं काही नाही, पण धर्मगुरूला विधवांना धीर द्यायचा होता. पाळकीणबाईंना एका विधवेला अडवायचं होतं. पंचविशीची पोर, दुसरं लग्न करायचं म्हणत होती, तेही मंडळीबाहेरच्याशी. उपदेशात दबोरा इतकी तेजस्वी, इतकी एकटी, इतकी सगळ्यांची आई निघाली, की त्या पोरीच्या सासूनं तिला प्रार्थनेनंतर सगळ्यांदेखत मिठी मारली. संपलं. अशी मिठी बसली की माणूस सुटत नाही. ती अजून पहिल्या बाकावर बसते. केस पांढरे झालेत. पाळकीणबाई तिला अधूनमधून डबा पाठवायच्या.

चौथी मंडळीच्या जागेच्या कुंपणाच्या भांडणासाठी होती, लढणारी, तलवारबिलवार घेतलेली; बायका कुंपण पाडायला आलेल्या यंत्रासमोर आडव्या झाल्या, दोघींचे हात मोडले, कुंपण राहिलं.

*

"वातींबद्दलही तेच म्हणते," पाळकीणबाई म्हणत होत्या. त्यांच्या वरच्या ओठावर घाम आला होता. "निवाडा करणारी बाई त्या ज्ञानी लोकांना पचेना. मग तिच्या हातात काम द्या. कापूस द्या. तिला उघड्यावर झाडाखाली का बसवली, तर म्हणे परपुरुषांबरोबर घरात एकटी नको! म्हणजे न्याय राहिला बाजूला, तिच्या चारित्र्याची चौकशी आधी. हजारो वर्षं हेच. जो आला त्यानं तिला आपल्या घरच्या बाईच्या मापानं कापली."

"हे छान आहे," मास्तर म्हणाले.

"आणि हे कोण करतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"कोण म्हणजे? पुरुष. व्यासपीठ ज्यांच्या हातात ते."

"म्हणजे आपले पाळक?"

पाळकीणबाईंनी भिंतीकडे बघितलं. भिंतीपलीकडे घर होतं. घरात खाट होती. त्यांनी फक्त एक श्वास घेतला आणि नवरा विकला. "पाळकसुद्धा," त्या म्हणाल्या. "माणूस होते. मी बायको होते, मी काय बोलणार? मी ऐकून घेतलं. तुम्ही ऐकून घेतलंत तसंच."

खोलीत काहीतरी सैल झालं. डॉक्टरबाईंचा चेहरा बदलला. पहिल्यांदाच त्यांनी पाळकीणबाईंकडे विरोधकासारखं बघितलं नाही. वखारवाल्यांच्या ते लक्षात आलं आणि त्यांनी पेनाचं टोपण उगाच काढलं आणि घातलं.

पाळकीणबाईंच्याही लक्षात आलं. आलं व्यासपीठ. लाकडाचा वास आला त्यांना.

"शेवटचं एकच," डॉक्टरबाई म्हणाल्या. आवाज मऊ होता. "मधमाशी. ती घ्यावीच लागेल. मला ती पाठ आहे, कारण ती माझ्यावर होती."

*

पाचवी दबोरा.

डॉक्टरबाई त्या वर्षी मंडळीच्या शाळेच्या अध्यक्ष म्हणून निवडून आल्या होत्या. रीतसर, मतं घेऊन. आल्या आल्या त्यांनी वखारवाल्यांच्या मेहुण्याला, जो शाळेत मुख्य शिपाई होता आणि पोरांवर हात टाकायचा, घरी बसवला. वखारवाले पाळकांकडे आले. पाळक इस्त्रीकडे आले.

त्याच वर्षी डॉक्टरबाईंचं पोटातलं मूल गेलं होतं. सहावा महिना. कुणालाच कळू द्यायचं नव्हतं त्यांना. दवाखान्यात रात्रभर त्यांचा हात धरून बसल्या होत्या त्या पाळकीणबाई. "माझ्या सख्ख्या बहिणीनं केलं नसतं हो," असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या.

दबोरा म्हणजे मधमाशी, असा त्या नावाचा अर्थ. जुन्या ज्ञानी लोकांनी त्यावरून तिला गर्विष्ठ ठरवलं होतं. बाराकाला बोलावणं पाठवते म्हणजे काय, स्वतः उठून गेली नाही! गाण्यात स्वतःचं नाव घेते! म्हणून देवाची वाणी तिला सोडून गेली, असंही कुणी लिहिलं होतं. पाळकीणबाईंनी त्यातून जे घडवलं ते त्यांच्या हातून घडलेलं सगळ्यात उत्तम काम होतं. त्यांना ते माहीत होतं. त्या रविवारी त्यांना सणकून ताप भरला, प्रार्थनाघरात जाता आलं नाही, आणि आपलं उत्तम काम ऐकायला आपण नव्हतो याची चुटपुट त्यांना अजून होती.

आठवड्याभरात डॉक्टरबाईंनी राजीनामा दिला. मेहुणा परत आला.

*

डॉक्टरबाई डोळे मिटून म्हणत होत्या. खणखणीत नाही, हळू, दात काढताना पेशंटशी बोलावं तसं.

"दबोरा म्हणजे मधमाशी. मधमाशी मध देते तोवर घरात ठेवावी. पण तिला वाटू लागलं की पोळं माझंच, तर धूर करावा लागतो. धूर करणाऱ्याला दोष देऊ नका, त्याचेही डोळे चुरचुरतात. दबोरेला वाटलं मी उठले म्हणून देश उठला. मी, मी, मी. शास्त्र तिला आई म्हणतं, पण तिच्या एकाही लेकराचं नाव शास्त्राला ठाऊक नाही. आणि म्हणून बंधूंनो..."

"नाही नाही," पाळकीणबाई म्हणाल्या. "मधलं राहिलं."

डॉक्टरबाईंनी डोळे उघडले. "काय राहिलं?"

"लेकराच्या नावानंतर. त्याच्याशिवाय पुढचं वाक्य बसत नाही, लंगडतं ते." आणि त्यांनी, जशी एखादी सुगरण दुसरीच्या हातून डाव काढून घेते, तसं वाक्य काढून घेतलं. हात छातीपर्यंत आला, तळवा उघडला. "जिचा स्वतःचा पाळणा रिकामा, तिला दुसऱ्यांची घरं हलवायची सवय लागते. आणि म्हणून बंधूंनो. असं आहे ते."

वरची ट्यूबलाइट गुणगुणत होती. वखारवाले कधी नव्हे ते आपल्या नखांकडे बघत होते.

"हे वाक्य," डॉक्टरबाई म्हणाल्या, "त्या दिवशी म्हटलं गेलं नाही."

"असं कसं? म्हटलंच असणार."

"मी तिथे होते. एकेक शब्द माझ्या अंगावर पडत होता, मी मोजून घेत होते. मास्तर, तुम्ही ऐकलंत?"

मास्तरांनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं होतं. "नाही," ते म्हणाले. "असलं काही पाळक... नाही. असलं पाळक नाही बोलायचे."

"पाळणा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाळण्याचं माझ्या नवऱ्याला आणि तुम्हाला ठाऊक होतं. तिसऱ्या कुणाला नाही."

पाळकीणबाईंना तेव्हा कळलं. पण गंमत बघा माणसाची. त्यांच्या मनात आधी काय आलं असेल? आता काय होणार, हे नाही. या बाईला काय वाटलं असेल, हे तर नाहीच. आधी आलं ते हे: गाळलं त्यानं? इतकं चांगलं वाक्य?

मग त्यांनी हिशेब केला. सुटायला एकच वाट दिसली आणि ती त्यांनी धरली.

"हो, मी केलेत ते उपदेश," त्या म्हणाल्या. "सगळे. पहिल्या रविवारपासून. तुम्ही ज्याला पाळक म्हणता तो नुसता घसा होता. हे व्यासपीठ मी तुमच्याकडे मागतच नाहीये, वखारवाले भाऊ. मी त्यावर आधीपासूनच उभी आहे. तुम्ही फक्त तोंड बदलायचंय."

वखारवाले उठून उभे राहिले. "अंथरुणाला खिळलेल्या माणसावर हे बोलता? जीभ झडत नाही?"

"विचारा त्यांनाच. हो-नाही कळतं त्यांना."

*

गेले. चौघंही, रांगेनं, आवार ओलांडून. खोलीत औषधांचा आणि ओल्या चादरीचा वास होता. पाळक उशांना टेकवलेले, वाकड्या ओठाच्या कोपऱ्याशी रुमाल लावलेला. इतकी माणसं बघून त्यांचे डोळे उजळले. आवाज नसलेल्या माणसाला पाहुण्यांचं फार असतं.

वखारवाले वाकून मोठ्यानं म्हणाले, जणू पाळकांचे कानच गेले होते. "पाळकसाहेब! तुमचे उपदेश! ते तुमचे स्वतःचे होते ना?"

पाळकीणबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याच्या डोळ्यांत डोळे घातले. रोज तोंड पुसत होत्या, कूस बदलत होत्या, घास भरवत होत्या. एक मान. एवढीच आडवी हलवायची होती.

पाळकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग वखारवाल्यांकडे. मग उभी मान हलवली. हो. माझे. आणि पुन्हा एकदा हलवली, कुणी मागितलं नसताना.

"झालं समाधान?" वखारवाले म्हणाले.

"माझा एक प्रश्न," डॉक्टरबाई पुढे आल्या. त्या खाटेच्या कडेला बसल्या, सवयीनं त्यांनी पाळकांच्या हनुवटीखाली बोट ठेवलं. "मधमाशीच्या उपदेशात एक वाक्य तुम्ही गाळलंत. पाळण्याचं. विसरलात?"

पाळकांची मान आडवी हलली. नाही.

"मुद्दाम गाळलंत?"

पाळकांची नजर पायथ्याशी उभ्या बायकोकडे गेली. मग मान उभी हलली, आणि चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी आलं. वाईट बाजूच्या डोळ्यातून ते नेहमीच यायचं.

डॉक्टरबाईंनी रुमालानं त्यांची हनुवटी पुसली आणि उठल्या. "यांचे असोत नाहीतर तुमचे," त्या पाळकीणबाईंना म्हणाल्या. "माझ्यापुरतं एवढंच खरं. गाळणारे हे, रचणाऱ्या तुम्ही. आज मी तुम्हाला मत द्यायला आले होते. घरी नवऱ्याला सांगून आले होते. म्हटलं, त्या घरात तीसुद्धा माझ्यासारखीच चिरडली गेली असणार."

"डॉक्टर, मी तुमचा हात धरून बसले होते त्या रात्री."

"हो ना. तिथेच सुचलं असेल."

पाळकीणबाई पायथ्याची चादर सारखी करायला लागल्या. तिथेच सुचलं होतं.

मतं दारातच झाली. वखारवाले, नाही. डॉक्टरबाई, नाही. मास्तरांना कुणी विचारलं नाही. ते आधीच बाहेर जाऊन उभे होते.

*

पंधरवड्यात नवा पाळक आला. उंच, देखणा, आवाज असा की खिडक्या थरथराव्यात. पहिल्याच रविवारी कळलं की आवाजाच्या आत काही नाही.

वखारवाले सांजच्याला घरी आले. बसले. पाणी प्यायले. "वहिनी, झालं गेलं विसरा. घर सोडायची घाई नाही. राहा हवं तर कायमचं. फक्त या पोराला थोडं... शनिवारी तुम्ही जरा... म्हणजे तुम्हाला सवय आहे."

"कसली सवय, भाऊ?" पाळकीणबाई म्हणाल्या. "उपदेश यांचे होते ना? तुमच्यासमोर मान हलवली यांनी. तीही दोनदा. मग यांनाच विचारा की."

आणि त्यांनी खरंच त्यांना आतल्या खोलीत नेलं, खाटेजवळ खुर्ची मांडून दिली, आणि दोघांना समोरासमोर बसवून दार ओढून घेतलं. वखारवाले बराच वेळ आत होते. बाहेर आले तेव्हा कुणाकडे न बघता गेले. दुसऱ्या दिवशी घर रिकामं करायचा निरोप आला.

आता दोघं टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतात. खाली दिवसभर हवा भरायचं यंत्र फसफसतं. डॉक्टर येऊन तपासून गेले. म्हणाले, हृदय ठणठणीत आहे हो यांचं, काळजी करू नका, अजून पुष्कळ वर्षं काढतील.

पाळकीणबाई म्हणाल्या, "देवाची कृपा."

त्यांनी पाळकांचं तोंड पुसलं. उशा उंच केल्या, मान खिडकीकडे वळली होती ती धरून आपल्याकडे वळवली, आणि दोन्ही बाजूंना घट्ट उशा लावल्या, म्हणजे ती पुन्हा वळायला नको. मग उभ्या राहिल्या. हात छातीपर्यंत आणला.

"बंधूंनो," त्या म्हणाल्या.

पाळकांनी डोळे मिटले.

"उघडा," पाळकीणबाई म्हणाल्या, आणि ते उघडेपर्यंत थांबल्या.